चाई आणि वेणी

अंधेरीच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे माझ्या शेजारी एक कोळीण बसली होती, डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून. तिचं नाव मी विचारलं नाही. माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला चाई पडली आहे आणि बायको दर रविवारी ती पट्टीने मोजते. औषधाने चाई तीन मिलिमीटर घटली, हे मी कोळिणीला अभिमानाने सांगितलं.

"दाखवा शेठ," म्हणत तिने गिऱ्हाइकासमोर पापलेट दाबावं तसं अंगठ्याने माझं डोकं दाबलं. "येतील केस. माल ताजा आहे!"

मग तिने स्वतःचा स्कार्फ सरकवला. औषधाने तिलाही केस आले होते, पण पांढरे आणि बोटाच्या पेराहून आखूड. पुढच्या महिन्यात तिच्या मुलाचं लग्न होतं. अंबाडाच नाही, तर वेणी माळायची कशात?

"गंगावन लावा ना, मावशी."

"नवरदेवाची आई मी! दुसरीचे केस लावून नाचू?"

"मग वेणीशिवाय?"

तेवढ्यात नर्सने तिला आत बोलावलं. उठता उठता ती म्हणाली, "वेणीशिवाय कशी? स्कार्फवर बांधेन. एवढी वर्षं माशांची पाटी राहिली या डोक्यावर, फुलं नाय राहणार?"