राशीपासून रेशन

ठाण्याच्या रेशन कचेरीतले ते कारकून कार्ड हातात घेतलं की आधी एखाद्या इंग्रजी शब्दाचं मूळ सांगत, मगच शिक्का मारत. 'रेशन' म्हणजे त्यांच्या मते आपल्याच 'राशी'चं पोर, रोमनांनी पळवलेलं. ग्रीक आणि लॅटिन या त्यांच्या लेखी चोरांच्या दोन आळ्या होत्या. "रावसाहेब, आधी शिक्का, मग संस्कृत!" असं रांगेतून कोणी ओरडलं, की ते शांतपणे चष्मा पुसून आणखी एक शब्द सांगत. घरी येऊन मी कोश उघडत असे. ते साफ चुकलेले असत. बायको हसून म्हणे, "त्यांना सांगू नका हो."

ती गेल्यावर कार्डावरचं तिचं नाव कमी करायला मी गेलो. इंग्रजी अर्जात त्यांनी माझ्या नावापुढे 'विडोअर' लिहिलं आणि टाक थांबला. या शब्दाचं 'विधवा'शी नातं खरंच आहे. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचं बरोबर येणार होतं. महिनाभर माझ्याशी कोणी नेहमीसारखं बोललं नव्हतं. मी वाट पाहिली.

"सांगा ना," शेवटी मीच म्हणालो.

"याचं मूळ मला ठाऊक नाही हो," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.