पिनकोडातला एक आकडा

उल्हासराव कोपरकर रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतच राहिले. तसा शांत माणूस. पण या जानेवारीत काडेपेटीएवढ्या एका पार्सलानं त्यांचं डोकं फिरवलं.

त्यांच्या पत्नीचं, पद्माताईंचं, कानाचं मशीन बिघडलं होतं. पुण्याच्या दुकानदारानं ते दुरुस्त करून कुरिअरनं परत धाडलं, आणि ते काही पोचेना. पद्माताई मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जाऊन आल्या त्या उतरल्या चेहऱ्यानंच. "सगळ्या हसल्या की मीही हसत होते," त्या म्हणाल्या. "कशाला, ते माहीत नाही. आता मशीन येईपर्यंत मी कुठेच जायची नाही."

त्या दिवसापासून उल्हासराव फोन घेऊन बसले. आधी 'इन ट्रान्झिट' दिसलं. मग 'कोहऱ्यामुळे विलंब'. तेवढं त्यांना पटलं. धुक्यात गाड्या रखडतात हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं. मग एका सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी' आलं. कानटोपी घालून, फाटकापाशी खुर्ची टाकून ते दिवसभर बसले. जेवणाचं ताटही तिथेच मागवलं. संध्याकाळी मेसेज आला: 'ग्राहक घरी नव्हते.'

"घरी नव्हतो? मी?" ते रिकाम्या गल्लीवरच ओरडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, राइडर ने अटेम्प्ट किया था।"

"कहाँ किया था? मेरे यहाँ तो चिड़िया तक नहीं आई!"

"असुविधा के लिए खेद है, सर।"

मग स्टेटस बदललं: 'पार्सल प्रेषकाकडे परत.' उल्हासरावांनी संतापून सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचून काढल्या. खालच्या बारीक अक्षरांत दर वेळी एकच ठिकाण होतं: इंदिरानगर. महानगरचं पार्सल तिकडे काय करतंय? त्यांनी तडक ई-रिक्षा पकडली.

इंदिरानगरच्या त्या गोदामात पोत्यांच्या राशी होत्या. यश नावाचा तिथला इन्चार्ज अदबीनं म्हणाला, "अंकल जी, तशरीफ़ रखिए। चाय मँगवाऊँ?"

"चाय नहीं, पार्सल!"

यशनं नंबर घालून डबी शोधली आणि लेबल दाखवलं. पिनकोडातल्या शून्याच्या जागी दुकानदारानं एक लिहिला होता. पार्सलं वेगळी करणारं यंत्र फक्त पिनकोड वाचतं, म्हणून पार्सल इथं येऊन पडलं. इथला राइडर पत्ता वाचायचा, आपला भाग नाही म्हणून ठेवून द्यायचा. पण काहीतरी कारण दाबल्याशिवाय त्याचा दिवसाचा हिशेब बंद होत नसे.

"तो 'ग्राहक घर पर नहीं' वाला बटन दबा देता था," यश म्हणाला.

"अरे, फोन नंबर लिखा है न उस पर! एक फोन नहीं कर सकता था?"

यशनं मान खाली घातली. "गलती तो है, अंकल जी। लेकिन अब दे नहीं सकता। सिस्टम में रिटर्न चढ़ गया है।"

उल्हासराव शेजारच्या पोत्यावर बसले. "मेरी पत्नी का कान है इस डिब्बे में। लिए बिना नहीं जाऊँगा।"

यशनं दोन-तीन ठिकाणी फोन लावले, कुणाशी तरी वाद घातला. अखेर आधार कार्डाचा फोटो आणि सही घेऊन डबी त्यांच्या हातात ठेवली.

घरी पद्माताईंनी मशीन कानात बसवलं आणि क्षणभर थबकल्या. "अहो, हा नळ कधीपासून गळतोय?"

"महिना झाला."

"मग बोलायचं नाही?"

"बोललो होतो," उल्हासराव म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसले.

चार दिवसांनी पुण्याहून दुकानदाराचा फोन आला. "काका, पार्सल का परत केलंत? आमच्याकडे यायला निघालंय, असं दाखवतंय."

"पार्सल हिच्या कानात आहे हो!" उल्हासराव कळवळून म्हणाले.

"असं कसं? इथं तर 'इन ट्रान्झिट' आहे."