थोरल्याचं नाव पहिलं

स्टाफरूममध्ये मुलांचा विषय निघाला की मी वह्या तपासायला घेते. मिसेस एहिगी यांची मुलगी नर्स आहे, मिस्टर अग्बोनिफो यांचा मुलगा बँकेत. एका शब्दात काम होतं. माझी इझोगी काय करते ते सांगायला मला अख्खा परिच्छेद लागतो. सकाळी सहाला रेडिओवर पिजिनमध्ये, बाजारातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बातम्या वाचते, दुपारी आमच्या एडो भाषेतल्या सिनेमांचे संवाद लिहिते, कुणाच्या लग्नात माइक धरून पाहुण्यांना हसवते, सांधेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत म्हातारीचा आवाज काढते. आणि मेलेल्या माणसांची चरित्रं लिहिते.

"म्हणजे अजून नोकरी नाही," मिसेस एहिगी म्हणतात.

"पाच आहेत, आन्टी," इझोगीने एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. "तुमच्या मुलीला एखादी देऊ का?"

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. सत्तावीस वर्षांची झाली तरी तोंडाला लगाम नाही. तिने माझ्याच ताटातला तळलेल्या केळ्याचा तुकडा उचलला आणि म्हणाली, "मम्मी, तू हसलीस. मी पाहिलं."

हे सगळं तिच्या वडिलांपासून सुरू झालं. ते गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. अंत्यविधीच्या पुस्तिकेत छापायला माझ्या दिरांनी त्यांचं चरित्र लिहून आणलं: साध्या, देवभीरू कुटुंबात जन्म, प्रेमळ पिता, आदर्श पती. आमच्या बेनिन शहरात दर शुक्रवारी ज्याला पुरतात त्याचं हेच चरित्र असतं. इझोगीने तो कागद फाडला आणि स्वतः लिहिलं. पपा सोंगट्या खेळताना लबाडी करायचे. रिंगरोडवर ड्रायव्हरांना शिव्या घालायचे आणि चर्चच्या दारात आवाज खाली आणायचे. मुलीच्या गणवेशाला रोज स्वतः इस्त्री करायचे. लोक आधी हसले, मग रडले. तिसऱ्या आठवड्यात एक बाई विचारत आली, हे कुणी लिहिलं होतं?

तेव्हापासून तिची एक पद्धत ठरली आहे. माणूस कसा होता असं ती विचारतच नाही. ती विचारते, "त्यांचं-तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?" ती म्हणते, कौतुक सगळ्यांचं एकसारखंच होतं, भांडण मात्र ज्याचं त्याचं असतं.

यंदा फेब्रुवारीत पा एराबोर गेले; मोठ्या घरच्या माणसाला पुरायला आमच्याकडे काही आठवडे जातात. सापेले रोडला त्यांची लाकडाची मोठी गिरणी. त्यांचा मुलगा नोसाखारे रस्त्यांची कंत्राटं घेतो. पुस्तिका, व्हिडिओ, जेवणाच्या वेळी माइक, सगळं त्याने इझोगीला दिलं. आणि वर आणखी एक गोष्ट. शनिवारी सकाळी दहा वाजता स्वतःचा अर्धा तास मिळावा म्हणून ती तीन वर्षं रेडिओ स्टेशनचे उंबरे झिजवत होती. रस्त्यावर अकाराचे वडे तळणारी, रिक्षावाला, कबरी खणणारा, ज्यांचं कुणी लिहीत नाही त्यांच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात. मॅनेजर दरवेळी म्हणायचा, प्रायोजक आण. नोसाखारे म्हणाला, "मी आहे ना." इझोगी डाव हातात घेऊन स्वयंपाकघरभर नाचली. मी रविवारी चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले.

मग ती गिरणीत गेली आणि करवतींना धार लावणाऱ्या संडे नावाच्या म्हाताऱ्याला तिने तिचा प्रश्न विचारला.

"माझं कशाला, त्याच्या थोरल्याशी झालं होतं ते ऐक," संडे म्हणाला.

"नोसाखारेशी?"

"तो थोरला कधीपासून झाला? एघोसा! एकेनवान रोडला टायरचं दुकान आहे त्याचं. त्याची आई इथे आमचा स्वयंपाक करायची. लग्नाच्या बायकोने तिला हाकललं, तेव्हा पोरगाही बापाशी भांडून गेला. बाप फाटकापर्यंत मागे धावला होता, एका पायात चप्पल."

इझोगीने चरित्र लिहिलं. एका पायातली चप्पल त्यात होती. आणि शेवटी मुलांच्या यादीत पहिलं नाव एघोसाचं.

दोन दिवसांनी, ते वाचून, नोसाखारे आमच्या घरी आला. मी त्याच्यापुढे माल्ट सरबताची थंड बाटली ठेवली.

"टीचर, तुमच्या मुलीला वाचता येतं ना? मी नावं लिहून दिली होती."

"वाचली," इझोगी म्हणाली. "एक राहिलं होतं, ते घातलं."

"वीस वर्षं त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. पपांना दवाखान्यात मी नेत होतो. त्यांची उलटी मी हातात झेलली आहे."

"तेही लिहिलंय. पान चार. तुमच्याबद्दल फार चांगलं लिहिलंय मी."

"मग ते एक नाव काढ."

"काढलं तर घर तुमचं होतं, दादा. आपल्या रिवाजाने बाप ज्या घरात राहिला आणि गेला, ते घर थोरल्याचं. कुळातले वडीलधारे पुस्तिका उघडून पहिलं नाव कुणाचं ते बघणार. हे काय मला माहीत नाही?"

"पपांनी त्याला मुलगा म्हटलेलं कुणी ऐकलंय? एक माणूस दाखव. तो करवतवाला तर सकाळपासून झिंगलेला असतो." मग तो माझ्याकडे वळला. "टीचर, तुम्हीच सांगा हिला."

मी म्हणाले, "इझो, एक ओळ तर आहे."

तो हसून उठला. "ऐक आईचं. सोमवारपर्यंत विचार कर. तुझा तो शनिवारचा कार्यक्रमही आहेच की."

फाटक लागल्याबरोबर मी सुरू झाले. तीन वर्षं वाट पाहिलीस, कुणा टायरवाल्यासाठी ते घालवणार? तो येणार आहे का तुझं भलं करायला? इझोगी ऐकत होती. मी दमले तेव्हा तिने विचारलं, "मम्मी, पा एराबोरशी तुझं शेवटचं भांडण कशावरून झालं?"

तिने ते सवयीने विचारलं, की माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं होतं, मला अजून कळलेलं नाही. पण तो प्रश्न तसाच आहे, तोंडातून उत्तर निघून जातं.

"बाकांवरून."

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवी शिक्षिका, तिसरीचा वर्ग. बाकं कमी होती. उशिरा येतील त्यांना मी खाली बसवत असे. एका सकाळी अंगावर लाकडाचा भुसा घेऊन एक माणूस तडक वर्गात शिरला आणि गरजला, "टीचर, माझा थोरला जमिनीवर बसणार नाही!" मीही ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "मग सगळ्यांसाठी बाकं द्या." पुढच्या आठवड्यात ट्रकमधून बारा बाकं आली. आजही आहेत.

"कोण थोरला?" इझोगीने विचारलं. तिला कळलं होतं. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

"एघोसा."

"आणि तू मघाशी त्या माणसाला माल्ट पाजलंस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून भांडी घासायला गेली.

सोमवारी तिने नोसाखारेला "नाही" असं कळवून टाकलं. मंगळवारी स्टेशनचा मॅनेजर म्हणाला, शनिवारी दहाला आता गाणी लागतील. पुस्तिका दुसऱ्या कुणीतरी लिहिली: साध्या, देवभीरू कुटुंबात जन्म. पहिलं नाव, नोसाखारे.

"कार्यक्रम होणार," इझोगीने जेवताना जाहीर केलं. "शनिवारी, दहा वाजता. फोनवरून पाठवीन, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. त्यांनी वेळ काढून घेतली, माझं तोंड नाही."

बाहेरचा जनरेटरचा आवाज येऊ नये म्हणून ती माझ्या कपाटात, माझ्या लेसच्या कपड्यांखाली बसून बोलते. एघोसाचं बोलणं तिने त्याच्या दुकानातच रेकॉर्ड करून घेतलं होतं. मागे हातोडा ऐकू येत होता. तो घराबद्दल चकार शब्द बोलला नाही, फक्त चप्पल घातलेला पाय उजवा होता की डावा हे आठवत राहिला. बापाने त्याला मुलगा म्हटलेलं ऐकलेला एक साक्षीदार हवा होता. इझोगीने मला विचारलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. मी दोन दिवस वाट पाहिली, ही आता विचारेल, मी नाही म्हणेन, आणि मग संपेल. ती विचारेना.

गुरुवारी संध्याकाळी मी कपाटाचं दार उघडलं आणि म्हटलं, "सरक."

"मी मिसेस अघेडो, उपमुख्याध्यापिका," मी सुरुवात केली.

"मम्मी, अर्ज वाचल्यासारखं नको. मुलांवर ओरडतेस तसं बोल."

मग मी त्या माणसासारखीच गरजले. माझा थोरला जमिनीवर बसणार नाही! हँगरवरचे दोन कपडे अंगावर पडले.

शनिवारी दहाला तिने ते फोनवरून सगळीकडे सोडलं. बाराच्या आत वारीहून माझ्या बहिणीने तेच मला परत पाठवलं. सोमवारी मिसेस एहिगी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवत होत्या आणि मी आत आल्यावरही त्यांनी फोन बंद केला नाही. नोसाखारेचा निरोप आला, "टीचर, निवृत्तीला दोनच वर्षं राहिली ना?" रक्तदाबाची गोळी मी त्या दिवशी दोनदा घेतली.

एराबोर कुळातल्या वडीलधाऱ्यांनीही निरोप धाडला आहे. पुरण्याचा दिवस शुक्रवार. त्याआधी बुधवारी या, आणि फोनवर जे बोललात ते आमच्यासमोर उभं राहून बोला.

भीती वाटते. नोसाखारे समोर बसलेला असेल. मी निळ्या लेसचा पोशाख काढून ठेवला आहे. उपमुख्याध्यापिका झाले त्या दिवशी तोच घातला होता.

"माइक आणू का?" इझोगीने दारातून विचारलं.

"आण," मी म्हटलं. "आणि चांगला आण. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं."