तिले नाही, तिला

भंडाऱ्याच्या प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. जो देश निघेल, तिथल्या शिक्षणपद्धतीवर पुढच्या महिन्यात दहा मिनिटं बोलायचं. शेजारच्या बाईंना फिनलंड निघाला, मागच्या गुरुजींना जपान. माझ्या चिठ्ठीत कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं नाव होतं. गुरुजींनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हा देश हाये का क्रिकेटची टीम?" मीही हसले. चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि विसरून गेले.

आठवडाभरात आमच्या शाळेत तपासणी आली. लाखांदूर तालुक्यातली दोन शिक्षकांची शाळा, तलावाच्या पाळीला लागून. साहेब थेट माझ्या चौथीच्या वर्गात आले आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला म्हणाले, "तलावाविषयी पाच वाक्यं सांग."

ती मासेमारी करणाऱ्या घरातली. एरवी बडबडी. उभी राहिली आणि सुरू झाली. मरळ माशाची पिल्लं लाल लाल गोळ्यानं पाण्यावर येतात, त्यांची माय खालीच फिरत असते, तिथं तिचा बाप जाळं टाकत नाही. "बाबा म्हणते, तिले काहून पकडाचं? तिच्या पिल्लायले कोण पाहीन?"

"तिले नाही, तिला," साहेब म्हणाले. "काहून नाही, का. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा "तिले" आलं. साहेबांनी पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी मागची मुलं खिदळली. ती मुलंही घरी "तिले"च म्हणणारी, पण हसली. चौथ्या वेळी मुलीच्या तोंडून काहीच आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

साहेबांनी वहीत शेरा लिहिला : मुलांची भाषा अशुद्ध, सुधारणा आवश्यक. माझ्यापुढे वही सरकवली. मी "हो सर" म्हणाले आणि सही केली.

मी त्याच तालुक्यातली. माझ्या आईच्या तोंडी आयुष्यभर "मले-तुले" होतं. भंडाऱ्याला डी.एड.ला गेले तेव्हा मैत्रिणींनी टर उडवली आणि दोन महिन्यांत मी माझी बोली झटकून टाकली. आता मला झोपेतून उठवलं तरी "मला"च येतं. त्या सहीचा मला जितका राग आला तितका साहेबांचाही आला नाही.

मुलगी शाळेत यायची, पण बोलायची नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. आठ-दहा दिवसांनी तिची आई शाळेत आली. मासळीची टोपली तिनं फाटकाबाहेर ठेवली होती.

"बाई, पोरगी घरी बी बोलत नाही. काल मी तिले जेवाले बोलावलं, तं मले म्हणते, आई, तू अशुद्ध बोलतेस."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणू? बाईनं सांगतलं असंन, म्हटलं."

ती भांडायला आली नव्हती. विचारायला आली होती, की अशुद्ध म्हणजे नेमकं काय. 

प्रशिक्षणाचा दिवस जवळ आला होता. त्याच संध्याकाळी मी चिठ्ठीतल्या त्या बेटाबद्दल वाचायला बसले. आमच्या तालुक्याहून कमी वस्तीचा देश. शाळा सक्तीची, शिकवणं इंग्रजीत, कारण राज्य इंग्रजांचं होतं. पण पोरांची घरची बोली वेगळी, मळ्यांत राबवायला आणलेल्या गुलामांच्या तोंडी घडलेली. शाळेत ती बोली बोललं की शिक्षा व्हायची. शिक्षा करणारे बहुतेक शिक्षक तिथलेच, त्याच बोलीत वाढलेले. आता कुठे तिला वर्गात जागा द्यायची खटपट चालली आहे. एवढं वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. 

प्रशिक्षणाच्या दिवशी तेच साहेब पुढच्या खुर्चीवर होते. मी बेटाची माहिती सांगितली. शिक्षेचा भाग आला तेव्हा त्यांनी मान हलवली. "बघा," ते सभागृहाकडे वळून म्हणाले, "इंग्रजांनी लेकरांची जीभच कापली."

तिथं माझा ताबा सुटला.

"सर, इंग्रज कायले पाहिजेत? आपणच करून राहिलो ना!" वीस वर्षांनी ती बोली माझ्या तोंडात आली होती, आणि अडखळत आली. "माह्या वर्गात एका पोरीनं मरळीबद्दल सांगतलं, ते कोणत्याच पुस्तकात नाही. तिले आपण तीनदा थांबवलं. तिनं काय सांगतलं ते आपण ऐकलंच नाही. आणि मी खाली सही केली."

 साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, विषयाला धरून बोला. वेळ संपली."

पुढचं नाव पुकारलं गेलं. गुरुजींनी जपानवर दहा मिनिटं घेतली, टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी तीन-चार जणी व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या. "बरं झालं बोललीस," एकीनं हळूच सांगितलं, इकडेतिकडे बघत. "माह्या शाळेत बी असंच झालं." मला त्यांचाही राग आला. आत काहून नाही बोलल्या? पण मी तरी वर्गात कुठे बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मी चौथीच्या वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाले, "त्या दिवशी चूक माझी होती. तू बरोबर सांगत होतीस." ती खाली बघत राहिली. मला वाटलं होतं, ती हसेल, पुन्हा बोलू लागेल. तसं झालं नाही. महिन्याभराने बोलू लागली ती पुस्तकातल्यासारखी, एकेक शब्द जपून. वर्ष संपेपर्यंत माझ्यासमोर तिच्या तोंडून एकदाही "मले" आलं नाही. पाचवीला ती मोठ्या गावच्या शाळेत गेली.

आता पहिलीत येणाऱ्या पोरांना मी घरच्या बोलीत बोलू देते. पुस्तकाची भाषाही शिकवते, पण हळूहळू, दुसरी भाषा म्हणून. परवा एका बापानं मला शाळेबाहेर थांबवलं. "बाई, आमच्या पोराले शुद्ध शिकवा. आमच्यासारखं बोलला तं त्याले नोकरी कोण देईन?"

मी त्याला काय समजावणार होते? त्याचं खरंच होतं. आपल्या लेकराने आपल्यासारखं बोलू नये, असं एका बापालाच हात जोडून विनवावं लागतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मी "शिकवते" म्हणाले. तो सायकलवर बसून निघून गेला. मी तिथंच उभी राहिले, रागानं कानशिलं तापलेली, आणि तो राग कुणावर काढावा ते मला कळेना.