धुरकऱ्याचं अंग

साठ सालच्या आसपास केळापूरजवळच्या आमच्या गावात शंकरपट भरला होता. आम्ही बाया गाडीत बसून बैलांची शर्यत बघत होतो, आणि मी तर नुसती मिरवत होते... आमचे हे म्हणजे नावाजलेले धुरकरी, जोडी हाकावी तर यांनीच.

लग्न झालं तेव्हा यांच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. मग पांढरकवड्याला कापसाच्या जिनमध्ये दिवाणजीची नोकरी लागली. जाणं-येणं बैलांच्या दमणीत, दिवसभर गादीवर बैठक... आणि जेवण मात्र नांगरामागे चालणाऱ्या माणसाचंच. चार भाकरी, वर तूप, झोपताना दूध-गूळ.

यांचं अंग भरलं आणि कौतुक माझं झालं. "सुनेचा हात चांगला हाये," सासूबाई सगळ्यांना सांगायच्या. लठ्ठपणा वाईट हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं हो. पोट सुटलं की माणूस सुखी, एवढंच ठाऊक.

तर त्या दिवशी हे फेटा बांधून छकड्यावर चढायला गेले... आणि सासऱ्यांनी कासरा सोडलाच नाही. "तू नको बसू बाबू. बैलाईले नाही पेलत तू आता." कासरा माझ्या हडकुळ्या चुलतदिराच्या हातात गेला.

लोक खो खो हसले. हेही हसले, पोटावर हात फिरवत... पण मी तोंड पाहिलं ना त्यांचं. पार उतरलं होतं. आमची जोडी पहिली आली, गुलाल उधळला, तोवर हे घरी निघून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून हे अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. जिनमध्ये पायी जायला लागले. महिन्या-दोन महिन्यांत अंग उतरलं, चाल हलकी झाली... मला फार बरं वाटलं.

सासूबाईंचा मात्र पारा चढला. "काहून वाळून राह्यला माहा पोरगा? जेवाले देत नाही का वं त्याले?" भर ओसरीत, शेजारणींसमोर. मी चुलीपाशी बसून रडले.

संध्याकाळी हे पानावर बसले. ओसरीतलं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच होतं. चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवी मोठ्यानं मागितली... आईला ऐकू जाईल अशी.

पुढे रोज तसेच जेवले. शंकरपटाला पुन्हा गेले नाहीत. चाळिशीच्या आतच छातीत कळ येऊन गेले.

लोक म्हणाले, खाऊन-पिऊन सुखी होता बिचारा. कसलं सुख... मला कोणी बोलू नये म्हणून जेवत होता तो माणूस.