बैलांची धाव

यवतमाळच्या वेशीवर आमचं भाजीचं लहानसं वावर होतं. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि सकाळी टोपल्यात घालून गावात विकायचा, एवढाच आमचा संसार. विहीर आमची होती, पण मोट ओढताना बैल ज्या उतारावरून चालत, ती धाव शेजारच्या वावरात होती. आमच्या बाजूची कड ढिसाळ मुरमाची, तिला मोटेचा भार पेलत नसे. म्हणून माझ्या आज्यानं शेजाऱ्यासोबत नारळ फोडला: पाणी आमचं तुम्हाला, धाव तुमची आम्हाला. शेजाऱ्याकडून लिहून मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं आमच्याकडे समजत. घ्या आता त्या समजुतीचं लोणचं घालून!

महाराष्ट्र झाला त्या सुमारास शेजाऱ्याच्या पोरांनी प्लॉट पाडले. एका कारकुनानं धावेच्या ऐन मध्यावर भिंत घालायला घेतली. बाबा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, बैलाले चालापुरतं तरी ठेवा. मोट वर येनार नाही."

"मी तरी काय करू, काका? जागा रीतसर घेतली. अन् आता नळ येऊनच राह्यले ना गावात."

माणूस वाईट नव्हता, याचाच मला आजही राग येतो. शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

भिंत झाली आणि बाबांनी मोट जुंपली. बैल निघाले ते भिंतीशी थांबले. भरलेली मोट काठाच्या पुरुषभर खाली लोंबत राहिली. आई आणि मी मोटेच्या दोराला, नाड्याला लटकलो. मोट हातभर वर आली, पुन्हा खाली गेली. बैल बिचारे भिंतीला डोकं लावून रेटत होते. बाबांनी आसूड उगारला, मग फेकून दिला आणि तिथंच बसून रडले. त्या बैलांकडे एक वेळ बघवलं असतं, बाबांकडे बघवेना.

पाणी उपसायचं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. आम्ही बादल्यांनी पाणी शेंदू लागलो, पण चार वाफे भिजेपर्यंत हात सोलून निघत. उन्हाळ्यात मिरच्यांनी माना टाकल्या. खाली विहिरीत पाणी स्वच्छ दिसायचं.

एका सकाळी कारकुनाची बायको भिंतीवरून डोकावली.

"काहून वो बाई, यंदा मिरच्या नाही का? दारात ताजी भाजी भेटते म्हनून तं म्या हे जागा पसंत केली."

जिच्या तोंडाला अख्खा बाजार भ्यायचा, त्या माझ्या आईनं बादली पुन्हा विहिरीत सोडली.