थांबलेला ताशा

राष्ट्राची संस्कृती शतकानुशतकांच्या साधनेतून घडते, असं आमच्या मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगतात. माझ्या पाहण्यात ती दुबईजवळ जबल अलीच्या एका गोदामात, रविवारी सकाळी, एसी बंद पडलेला असताना घडली.

गेल्या वर्षी पाडव्याला आमचं ढोल-ताशा पथक पहिल्यांदाच वाजवणार होतं. ते माझ्या बायकोने उभं केलं होतं: काही बँकेतले, काही आयटीतले आणि कोकणातून साइटवर आलेले चारपाच जण. पाच महिने दर रविवारी त्या गोदामात सराव झाला. पंधरा दिवस उरले असताना आमच्या एकुलत्या ताशेवाल्याची कंपनीने लांब रास अल खैमाला बदली केली. ढोलवाले ताशावर कान ठेवून वाजवतात. ताशा नाही तर पथक नाही.

अबू धाबीच्या खलिफा सिटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक ब्राझिलियन राहतो. तो शाळेत जुजुत्सू शिकवतो. त्याच्यासारख्यांनी शिकवलेल्या त्या कुस्तीसारख्या खेळाचा इथल्या अमिराती पालकांना आता घरच्यासारखा अभिमान आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या संस्कृतीत हात घालायची त्याला सवय होती. गावाकडे तो कार्निव्हलच्या ताफ्यात ड्रम वाजवायचा. बायकोने त्याच्या हातात ताशाच्या काड्या दिल्या. आठवड्याभरात सगळ्यांचं ऐकून तोही तिला वहिनी म्हणू लागला. कॅप्टनला तसं म्हणतात, अशी त्याची समजूत होती.

अध्यक्षांना हे पटलं नाही. "आपली संस्कृती आपणच वाजवली पाहिजे," ते म्हणाले.

"मग ताशा तुम्ही घ्या, काका," बायको म्हणाली.

विषय तिथेच खलास झाला.

पाडव्याला कार्यक्रम रंगात आला आणि ब्राझिलियन ताशा वाजवता वाजवता मध्येच थांबला. त्याच्या गावी असं थांबतात म्हणे. सरावात सांगायचं राहून गेलं होतं. पथकाला एक नियम मात्र पक्का पाठ होता: ताशा थांबला की ढोल थांबले. सभागृह चिडीचूप. बायकोचा चेहरा मला बघवेना. मग त्याने हसून काडी मारली, सगळे ढोल एकदम कोसळले, आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

यंदा पथकाने तो विराम मुद्दाम ठेवला. वाजवून झाल्यावर अध्यक्षांनी सद्गदित होऊन सांगितलं, की हा क्षणभराचा विराम आपल्याला पूर्वजांनी दिला.

पूर्वज तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये ताशा गाडीत ठेवत होता. चार वाजता त्याचा जुजुत्सूचा क्लास होता.